आरोग्यखात्याचे खालचे हात

आरोग्यखात्याचा इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे उभे राहतात ते साहेब. अमुक आरोग्याधिकाऱ्याने अमुक अहवाल लिहिला, अमुक आयुक्ताने अमुक योजना मंजूर केली, अमुक डॉक्टराने लस शोधली. ही नावे खोटी नाहीत. त्यांतल्या काहींपुढे आम्हीही हात जोडतो. परंतु आयुष्याची तीस वर्षे कामगारांच्या संघटनेत घालवल्यामुळे कोणतीही मोठी इमारत पाहिली की तिचा चुना कोणी मळला, हा प्रश्न आमच्या मनात आधी येतो. मुंबई महापालिकेच्या आरोग्यखात्याची हकीकत आम्ही ह्याच दृष्टीने वाचीत आलो. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर झाले. विद्वान मंडळींना आमच्या मांडणीत काही उणे दिसले तर त्यांनी ते खुशाल दाखवावे.

मुंबईचे खाते पोशेऱ्यात बसून कशाला उकरायचे, असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर असे की, मुंबईच्या घराघरांतील नळाला जे पाणी येते त्यातले बरेचसे आपल्या वैतरणेचे आहे. आणि दुसरे म्हणजे, आपल्या पाड्यांवरून आज नोंदवही काखेत मारून जी आशाताई फिरते, तिच्या दुखण्याचे मूळ शोधीत निघालो तेव्हा आम्हांला सव्वाशे-दीडशे वर्षे मागे, मुंबईच्या घरगल्लीपर्यंत जावे लागले.

ह्या खात्याची कल्पना मूळ इंग्लंडातली. तिकडे गिरण्या निघाल्या, गावे ओस पडून शहरे फुगली, आणि पटकीच्या साथींनी गरिबांबरोबर श्रीमंतांच्याही घरांत प्रवेश केला, तेव्हा राज्यकर्त्यांना जाग आली. लिव्हरपूल शहराने १८४७ साली डॉ. डंकन यांना शहराचे आरोग्याधिकारी नेमले. पुढच्याच वर्षी पार्लमेंटाने सार्वजनिक आरोग्याचा पहिला कायदा केला. मुंबईत १८६४ साली डॉ. लीथ यांनी बेटाच्या अस्वच्छतेवर अहवाल दिला, १८६५ साली नवा म्युनिसिपल कायदा झाला, आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाले आणि डॉ. ह्यूलेट आरोग्याधिकारी झाले. क्रॉफर्ड साहेबांच्या नावाची मंडई सर्वांना ठाऊक आहे. ह्यूलेट ह्यांचे नाव कोणालाच ठाऊक नाही. मोरीच्या कामाला पुतळा मिळत नाही, हा नियम साहेबांनाही चुकला नाही.

आता त्या काळची मुंबई कशी होती ते पाहू. संडास टोपलीचे. चाळीच्या पाठीमागे, दोन इमारतींच्या मध्ये, एक अरुंद फट ठेवलेली असे. तिला घरगल्ली म्हणत. संडासाच्या खाली टोपली, टोपलीच्या तळाशी घरगल्लीत उघडणारे दार. पहाटेच्या अंधारात माणूस त्या गल्लीत शिरायचा, भरलेली टोपली डोक्यावर घ्यायचा आणि गाडीपर्यंत न्यायचा. पावसाळ्यात त्या टोपलीतून काय गळत असेल ते आम्ही येथे सांगत नाही. हे काम करणाऱ्यांना सरकारी कागदांत 'हलालखोर' म्हणत. शब्द मूळ अरबी-फारसीतला. अर्थ असा की जो हलालाची, म्हणजे कष्टाची, न्यायाची भाकरी खातो तो. ज्याची सावलीही नको त्याला समाजाने नाव मात्र असे दिले! १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात पाणीपट्टीच्या शेजारीच 'हलालखोर कर' असे शब्द आहेत. घरमालक तो कर भरीत, आणि कर भरला म्हणजे आपला त्या माणसाशी काही संबंध उरला नाही असे मानीत.

त्या माणसाला काम सोडता येत होते का? आमच्या धंद्यातला माणूस हा प्रश्न आधी विचारतो. कापडगिरणीतला कामगार निदान गिरणी बदलू शकत होता, गावी पळून जाऊ शकत होता. सफाईच्या नोकरांसाठी मुंबई सरकारने १८९० साली वेगळा कायदाच केला. पूर्वसूचना दिल्याशिवाय ह्या नोकरांनी काम सोडणे किंवा टाळणे हा फौजदारी गुन्हा ठरला आणि त्याला कैदेची शिक्षा ठेवली. ज्याला विहिरीवर पाणी भरू द्यायचे नाही, देवळाच्या पायरीवर उभे करायचे नाही, त्याच्यावाचून शहराचे दोन दिवसही चालत नाही, ही कबुली ह्या कायद्यात आहे. आमच्या मते मुंबईच्या आरोग्यखात्याचा खरा पाया घालणारा कागद हाच, ह्यूलेटांचे अहवाल नव्हेत.

ह्या कायद्यानंतर सहा वर्षांनी खात्याची परीक्षा झाली, आणि ती काही औषधांच्या कपाटाने झाली नाही.

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवी बंदराच्या भागात, धान्याच्या वखारींच्या आसपास, माणसे ताप येऊन, जांघेत वा काखेत गाठ उठून पटापट मरू लागली. त्या भागात दवाखाना चालवणारे डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि सप्टेंबर १८९६ मध्ये जाहीरपणे सांगितला: हा गाठीचा प्लेग आहे. मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे, तो योग्यच आहे. हाँगकाँगला दोन वर्षांपूर्वी ही साथ होऊन गेली होती आणि जहाजांनी ती इकडे आली असावी, असे पुढे मानले गेले. शहराचे आयुक्त होते स्नो, आरोग्याधिकारी होते डॉ. वियर. खात्याने काय केले? मोऱ्यांत समुद्राचे पाणी सोडले, कार्बोलिक ॲसिड ओतले, भिंतींना चुना फासला, बिछाने जाळले. रोग घाणीतून आणि दूषित हवेतून येतो अशी तेव्हाची समजूत होती. उंदीर आणि पिसू यांचा संबंध १८९८ साली सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवला, आणि परळच्या प्रयोगशाळेत बसून प्लेग आयोगाने तो पक्का केला तो १९०५ नंतर. तोपर्यंत मुंबईच्या मोऱ्या कार्बोलिकने धुऊन निघाल्या आणि पिसू सुखात राहिल्या.

परंतु आम्हांला सांगायचे आहे ते ऑक्टोबर १८९६ चे. ६ ऑक्टोबरला आयुक्तांनी हुकूम काढला की, प्लेगचा रोगी घरात ठेवता येणार नाही. त्याला, लागल्यास बळजबरीने, इस्पितळात हलवले जाईल. कायद्याने त्यांना तो अधिकार होता. पण इस्पितळ म्हणजे काय, हे चाळीतल्या माणसाला कसे कळावे? आत गेलेला माणूस बहुधा परत येत नव्हता, एवढेच त्याला दिसत होते. बायकांना परके पुरुष हात लावतात, जातपात राहत नाही, माणसाला उलटे टांगून त्याची मोमियाई काढतात, अशा अफवा गावभर झाल्या. ह्या अफवांना हसणे सोपे आहे. सरकारने ह्या लोकांशी त्याआधी कधी एखाद्या चांगल्या कामासाठी बोलणे केले असते तर त्या इतक्या पसरल्या नसत्या. ऑक्टोबरच्या अखेरीस हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले.

आणि त्याच दिवसांत आयुक्तांच्या कानावर आले की, हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून जाण्याच्या बेतात आहेत.

कायदा १८९० चा होताच. पण तुरुंगात किती जणांना घालणार? आणि घातले तर टोपल्या कोण उचलणार? आठ लाखांच्या वस्तीतले टोपलीचे संडास आठ दिवस न उपसले तर काय होईल, हे स्नो साहेबांना चांगले ठाऊक होते. पुढे आपल्या अहवालात त्यांनी ही गोष्ट आडपडदा न ठेवता मांडली: हे लोक गेले असते तर शहर राहण्याजोगे उरले नसते, आणि त्यांना थांबवून धरणे हेच त्या घडीला सर्वांत मोठे काम होते. हुकूम सौम्य झाला. घरातच वेगळे ठेवण्याची सोय असेल तर रोग्याला नेण्याची सक्ती राहिली नाही.

हे आमच्या वाचण्यात पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही ते पान पुन्हा पुन्हा वाचले. वर्तमानपत्रांनी लेख लिहिले होते, व्यापाऱ्यांनी अर्ज केले होते, धर्मपुढाऱ्यांनी विनंत्या केल्या होते असे नाही का? केल्या होत्याच. गिरणी कामगारांचा इस्पितळावरचा हल्लाही झाला होता. परंतु हुकूम वाकवण्यात ज्यांना अक्षर येत नव्हते, ज्यांची संघटना नव्हती, ज्यांच्यापाशी एकच शस्त्र होते, म्हणजे 'आम्ही जातो' एवढे म्हणणे, त्यांचाही तितकाच हात होता. ते गेले नाहीत. त्या हिवाळ्यात शहराची जवळजवळ निम्मी वस्ती आगगाडीने, बोटीने, पायी बाहेर पडली, शेठ गेले, वकील गेले, कारकून गेले, टोपलीवाले राहिले. त्यांतले किती मेले आणि त्यांच्या बायकामुलांचे काय झाले, ह्याला कोणी ओवी रचली नाही.

गिरण्यांतही त्या महिन्यांत एक नवल घडले. एरवी गिरणी कामगाराचा पगार महिना संपल्यावरही कितीतरी दिवस मालकाच्या हातात अडकून राही, म्हणजे कामगार पळू नये. प्लेगात माणसे मिळेनात, तेव्हा गिरणीच्या दाराशी सकाळी मजुरांची बोली लागू लागली, आणि रोजचा पैसा रोज हातात पडू लागला. ज्या गोष्टीसाठी कामगार वर्षानुवर्षे गाऱ्हाणी करीत होता ती एका उंदराने चार आठवड्यांत मिळवून दिली. साथ ओसरली तशी जुनी रीत परत आली.

कामगारांचे पहिले पुढारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक, रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे ह्याच साथीत गेले. ज्यांच्या खटपटीने गिरणी कामगाराला १८९० साली रविवारची सुटी मिळाली ते लोखंडे प्लेगच्या रोग्यांच्या सेवेत असता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वारले. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका मुलाला प्लेग झालेला कळला तेव्हा वयाच्या सासष्टाव्या वर्षी त्याला पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोहोचल्या, आणि तोच रोग त्यांना लागला. त्याच पुण्यात त्याच सुमारास रँड साहेबाचे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाला ते सर्वश्रुत आहे. एकाच गावात, एकाच रोगाशी लढण्याच्या ह्या दोन रीती. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा करून दुसऱ्या रीतीला आणखी दात दिले. मुंबईतही मार्चपासून जनरल गॅटेकर यांची प्लेग कमिटी आली, झडत्या वाढल्या, आणि ९ मार्च १८९८ रोजी विणकरांच्या वस्तीत दंगल पेटली. पाठोपाठ गोदीवाले आणि गाडीवाले यांनी काम बंद ठेवले.

हाफकिन यांची हकीकत शाळेच्या पुस्तकांत असते, म्हणून थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात एका खोलीत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले. टोचून घ्या, हे हुकुमाने सांगण्याऐवजी आधी स्वतः टोचून दाखवणारा माणूस म्हणून आम्हांला ते आवडतात. ह्याच प्रकारचे शहाणपण पुढे खात्याने मलेरियाच्या वेळी दाखवले. १९११ साली डॉ. बेंटली यांनी दाखवून दिले की मुंबईच्या हिवतापाचा डास घरांतल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो. विहिरी बुजवा म्हटल्यावर पारशी आणि हिंदू दोघेही संतापले, कारण विहिरीत देवत्व. शेवटी पुष्कळ ठिकाणी झाकण बसवून जाळीचे दार ठेवण्याची तडजोड झाली.

प्लेगनंतर महापालिकेने उंदीर मारण्यासाठी माणसे ठेवली. हा धंदा मुंबईत शंभर वर्षांहून अधिक टिकला. अलीकडच्या काळातही रात्रपाळीचे उंदीरमारे एका हातात काठी, दुसऱ्या हातात विजेरी घेऊन मंडयांच्या मागे फिरत आणि एका रात्रीत तीस उंदीर मोजून द्यावे लागत. तीस भरले नाहीत तर रोज बुडे. उंदीर कमी करणे हा खात्याचा हेतू. पण उंदीर खरोखर कमी झाले तर उंदीरमाऱ्याच्या पोटाला चिमटा. असला हिशेब कचेरीत बसलेलाच मांडू शकतो.

आता आकड्यांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आरोग्यखात्याचे अर्धे काम मोजण्याचे असते. मुंबईत १९२१ साली एका खोलीच्या बिऱ्हाडांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे आठशेच्या वर मुले वर्षाच्या आत दगावली, असा आकडा खात्याने छापला. तो विलायतेपर्यंत गाजला. आकडा भयंकर खरा, पण त्यात एक मेख होती: गिरणी कामगाराची बायको बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर माहेरी जाई. जन्माची नोंद गावी, आणि मूल घेऊन परतल्यावर ते मेले तर मृत्यूची नोंद मुंबईत. म्हणजे भागाकारातली खालची संख्या लहान झाली. हे खात्यातल्या लोकांनाच ठाऊक होते आणि ते त्यांनी सांगितलेही. तरी एवढे सोडून दिले तरी मुले मरत होतीच, आणि ती एका खोलीत अधिक व चार खोल्यांत कमी मरत होती. खोली किती मोठी हे दवाखाना ठरवीत नाही, मजुरी ठरवते. बाळंतिणीला पगारी रजा मिळावी म्हणून मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, आणि १९२९ साली तसा कायदा झाला. आमच्या लेखी तो आरोग्याचाच कायदा होय. महापालिकेच्या कामगारांचा संघही बाबासाहेबांनीच १९३५ साली उभा केला. हलालखोरांच्या पोरांना 'आम्ही जातो' याशिवाय दुसरे वाक्य सापडले ते तेव्हा.

पाण्याची गोष्ट आपल्या अंगणातली आहे. मुंबईला विहारचे पाणी १८६० साली मिळाले, तुळशीचे १८७९ साली, आणि शहापूरच्या जंगलातल्या तानसेचे १८९२ साली. स्वातंत्र्यानंतर वैतरणेवर मोडकसागर झाला, १९७३ च्या सुमारास अप्पर वैतरणा, आणि ह्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोखाडा तालुक्यातील कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचे शंभर मीटरहून उंच धरण. एकट्या त्या धरणातून रोज पंचेचाळीस कोटी लिटरहून अधिक पाणी मुंबईला देण्याची योजना आहे. शहराची पटकी, विषमज्वर आणि नारू जर कोणी हटवले असतील तर ते प्रथम ह्या पाण्याने. डॉक्टर मागाहून आले. त्याबद्दल मुंबईकरांचा हेवा करण्याचे कारण नाही. पाणी मिळाले पाहिजेच. पण आमच्या तालुक्यात चैत्र-वैशाखात टँकरच्या पाठीमागे हंडे घेऊन बाया धावतात, टँकरचे पाणी विहिरीत ओततात आणि त्या गढूळ पाण्यातून दोऱ्याला बांधलेली बादली वर येते, हेही आरोग्यखात्याच्या इतिहासाचेच पान आहे. जुलाबाची गोळी त्या बादलीशी शर्यत लावू शकत नाही.

आता जिल्ह्याकडे येऊ. इंग्रजी अमलात मोखाडा हा शहापूर तालुक्याचा पेटा, आणि जव्हार मुकणे राजांचे संस्थान. ते १९४८ साली ठाणे जिल्ह्यात विलीन झाले. अशा डोंगरात खाते म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी येणारा देवी टोचणारा. त्याला पाहून बाया पोरे लपवीत, आणि तो पोरे शोधीत रानात फिरे. देवीचा शेवटचा रोगी भारतात मे १९७५ मध्ये सापडला, त्यानंतर रोग संपला. त्याचे श्रेय जिनिव्हात वाटले गेले. ह्या टोचणाऱ्यांच्या चपलांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

हिवतापाचा उद्योग त्याहून मोठा. १९४६ साली मुंबई इलाख्यात डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डी. डी. टी. मारण्याचा मोठा प्रयोग झाला. तो यशस्वी झाल्यावर १९५३ साली सबंध देशात राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. तो निघण्यापूर्वी देशात दरसाल साडेसात कोटी माणसे हिवतापाने आजारी पडत आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता; १९६५ साली रोगी उरले एक लाखाच्या आसपास. हे काम कोणी केले? हंगामापुरते रोजंदारीवर घेतलेले फवारणी कामगार. एक जण पंपावर पाय देऊन दांडा मारणार, दुसरा नळी धरून भिंत भिजवणार. कुडाच्या भिंतीवर औषध मारले आणि सणाला घरधनिणीने शेणामातीने भिंत सारवली की सगळे औषध सारवणाखाली गडप. म्हणून त्या कामगाराला नुसता पंप चालवून भागत नसे. ओट्यावर बसून बाईची समजूत घालावी लागे की, बाय, दोन महिने भिंत सारवू नको. सणाला न सारवलेले घर म्हणजे काय, हे कातकरी-वारली-ठाकरांच्या बाईला विचारावे. वरच्या कार्यक्रमात ह्या समजुतीच्या कामाला पैसा नव्हता. रोग संपला असे वाटून पाळत सैल झाली, डासांना औषध पचू लागले, आणि १९७६ साली देशात चौसष्ट लाखांवर रोगी नोंदले गेले.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि खात्याचा कारभार जिल्ह्याच्या हाती आला. प्राथमिक आरोग्य केंद्रे झाली, परिचारिका आल्या. एका ठिकाणी, नाव घेत नाही, आम्ही सफाई कामगारांसाठी गमबूट आणि हातमोजे मागितले, तेव्हा तेथला अधिकारी म्हणाला, बूट दिले तर ते विकून खातील. आम्ही विचारले, मग तुमची जीप तुम्ही अजून कशी विकली नाही? बूट मिळाले, दीड वर्षाने आणि एकाच मापाचे.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत सव्वाशेच्या आसपास बालके दगावली आणि सबंध महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, गाड्या आल्या, योजना आल्या. आम्ही तेव्हा विशीत होतो. त्यानंतर ह्या भागात रस्ते झाले, अंगणवाड्या वाढल्या, आणि नाही म्हणायला पुष्कळ सुधारले. पण भात-नागली-वरई संपली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात. पोर भट्टीवर, वजनाचा काटा पाड्यावर! १९२१ च्या मुंबईत जन्म एकीकडे आणि मृत्यू दुसरीकडे नोंदला जात होता. शंभर वर्षांनी आमच्याकडे वजन एकीकडे आणि भूक दुसरीकडे.

महाराष्ट्रातच ह्याचा एक उतारा सापडला होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले: श्वास मोजणे, वजन करणे, ऊब देणे, न्यूमोनिया ओळखून औषध देणे. ३९ गावांतल्या ह्या कामाने नवजातांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले, हे १९९९ साली जगापुढे आले. हीच रीत पुढे देशभर आशांच्या कामात आली. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा निघाली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जायचे. मोखाड्याच्या डोंगरात, आषाढात, ओढा उतरून जायचे. ह्या सहा भेटींचा मिळून मोबदला ठरला अडीचशे रुपये.

इंग्लंडने ह्या जागी काय केले होते? १९३६ च्या सुईणींच्या कायद्याने तेथील स्थानिक संस्थांवर पगारी सुईणी ठेवण्याची जबाबदारी आली. १९४६ च्या कायद्याने घरोघर जाणारी आरोग्यभेटीची बाई पुरवणे हे कौंटीच्या आणि शहरांच्या कौन्सिलांचे कर्तव्य झाले. ती बाई सायकलवरून हिंडे, तिच्या हातातही नोंदवही असे, ती नव्या बाळाच्या घरी जाई. काम पाहिले तर आपल्या आशेचेच. फरक एवढाच की ती कौन्सिलाची नोकर होती. तिला पगार, रजा आणि पेन्शन होते. तेथल्या आरोग्याधिकाऱ्याचे पद १९७४ साली मोडले, पण घरोघर जाणारी बाई राहिली.

आपल्याकडे आशेला 'स्वयंसेविका' म्हणतात. हलालखोर ह्या शब्दाइतकाच हा शब्द गोड आहे. स्वयंसेविका म्हटले की वेतन नाही, मानधन. काम नाही, सेवा. तक्रार नाही, नाराजी. कोविडच्या साथीत त्यांना घरोघर तापमान आणि प्राणवायू मोजायला धाडले, तेव्हा शहरांतले लोक गावी पळत येत होते आणि ह्या बाया त्यांच्या दारात उभ्या होत्या. १८९६ चा साथरोगांचा हिवाळा वाचलेल्या माणसाला हे चित्र नवे नव्हते. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी आणि गटप्रवर्तकांनी संप केला, पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये केला. आमच्याकडच्या बैठकीत एक आशा उठून म्हणाली, "भाऊ, आम्ही संप केला तर पोराचं वजन कोण करील?" बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग दुसरी म्हणाली, "आणि नाही केला तर आपल्या पोराचं कोण करील?" वाहिवाट अशी पडली की संपातही अडलेल्या बाळंतिणीसाठी जायचे, आणि ती भेट वहीत लिहायची नाही.

मे २०१३ मध्ये दिल्लीच्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार अशा तिन्ही बाजू एकत्र बसल्या होत्या. आशा, अंगणवाडी आणि मध्यान्ह भोजनाच्या बायांना कामगार माना, किमान वेतन द्या, निवृत्तिवेतन द्या, अशी शिफारस तिन्ही बाजूंनी केली. ती अमलात आलेली नाही. आमच्या संघटनेने त्या शिफारशीचे मराठी करून तिच्या प्रती पाड्यापाड्यांवर वाटल्या आहेत. पोशेऱ्यातल्या आशेने आपली प्रत नोंदवहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून ठेवली आहे.